बारा बिऱ्हाडे आणि एक पेटी

वाचकहो, आज एक कबुली देऊन सुरुवात करतो. जून २०२४ मध्ये आम्ही वस्तीच्या वर्गणीतून ५२ हजार रुपये खर्चून अभ्यासिकेसाठी संगणक घेतला, आणि तो चुकीचा घेतला. यंत्र खोटे नव्हते. दुकानदारानेही फसवले नाही; आम्ही जे मागितले तेच त्याने दिले. मागणीच चुकली होती. वीस वर्षे कचेरीत दुसऱ्यांची मागणीपत्रके तपासणाऱ्या माणसाकडून हे घडावे, याची रुखरुख अजून जात नाही. तीच चूक आपल्यापैकी कोणी करू नये, म्हणून या आठवड्याचा हा मजकूर.

जालन्यात आमच्या वस्तीत एक अभ्यासिका आहे. तिथे स्पर्धा परीक्षेची मुले बसतात, दहावी-बारावीची बसतात. त्यांतल्या सहा जणांनी, चार मुलगे आणि दोन मुली, सर्व्हर व नेटवर्क सांभाळण्याचे काम शिकायचे मनावर घेतले. बँक, रुग्णालय, कारखाना, सरकारी कचेरी, सगळीकडे आज हे काम आहे, आणि ते येणाऱ्याला नोकरी आहे. आमच्याच वस्तीतला एक भाचा पुण्याला कंपनीत लागला आहे. तो सुट्टीला आला तेव्हा म्हणाला, "मामा, दहा-बारा संगणक घ्यायची गरजच नाही. एकच चांगली मशीन घ्या. तिच्यात डझनभर व्हीएम बसतील." आम्ही त्यातला 'चांगली' हा शब्द ऐकला आणि त्याचा अर्थ 'महाग' असा लावला. सगळा घोटाळा तिथून सुरू झाला.

वर्गणी जमली. कोणी पाचशे दिले, कोणी पन्नास. भाजी विकणाऱ्या एका आजीने गल्ल्यातले वीस रुपये काढून दिले आणि बजावले, "पावती फाडा बाबा, मला काही वाचता येत नाही, पण नातू वाचील." अशा पैशाने आणलेला संगणक. आठ कोअरचा नावाजलेला प्रोसेसर, खेळांसाठी लागते तसले ग्राफिक्स कार्ड, काचेच्या दाराची पेटी, आत रंगीत दिवे. मुले हरखून गेली. पहिल्या रविवारी एक आभासी संगणक चालू केला, चालला. दुसरा चालला. तिसऱ्याला यंत्र धापा टाकू लागले. चौथा चालू करताच पडदा जागच्या जागी थिजला. कोपऱ्यातून एका मुलीचा आवाज आला, "काका, मशीन अटकायलं."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. नवी वस्तू आपल्याच हाताने बिघडली की काय, अशी भीती होती. तो आवाज आम्हाला घरापर्यंत ऐकू येत राहिला.

आता हे व्हीएम, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, काय प्रकरण आहे ते आधी पाहू. एका खऱ्या संगणकाच्या पोटात एका विशेष प्रोग्रॅमच्या साह्याने अनेक आभासी संगणक मांडता येतात. प्रत्येकाला वाटते की आपला प्रोसेसर वेगळा, मेमरी वेगळी, डिस्क वेगळी. एकात लिनक्स चालते, दुसऱ्यात विंडोज. एक बिघडला तरी शेजारच्याला सहसा धक्का लागत नाही. जुन्या वाड्यात बिऱ्हाडे असतात ना, तसे समजा. वाडा एक, पण प्रत्येक बिऱ्हाडाची चूल वेगळी.

ही कल्पना नवी नाही. संगणक जेव्हा फार थोडे आणि फार महाग होते, तेव्हा एकाच यंत्राचा अनेकांना उपयोग कसा व्हावा हा जगभर प्रश्न होता. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला आणि बाहेरच्या संस्थांतील संशोधकही त्यावर आपली गणिते करवून घेत. अमेरिकेत आयबीएम कंपनीच्या केंब्रिज येथील केंद्राने १९६० च्या दशकात एका यंत्राचे अनेक आभासी भाग करण्याचा प्रयोग सिद्धीस नेला आणि १९७२ मध्ये व्हीएम/३७० या नावाने ती सोय ग्राहकांना देऊ केली. साध्या टेबलावरच्या संगणकावर ही करामत १९९९ मध्ये व्हीएमवेअर कंपनीने आणली. पुढे २००५ मध्ये इंटेलने आणि २००६ मध्ये एएमडीने प्रोसेसरच्या आतच या कामाची सोय करून दिली, आणि २००७ पासून लिनक्समध्ये केव्हीएम हा भाग फुकट मिळू लागला. म्हणजे एकेकाळी केवळ बड्या संस्थांना परवडणारी गोष्ट आज जालन्याच्या अभ्यासिकेत बसू शकते. अट एकच, पेटी निवडताना डोके ठिकाणावर हवे.

आमच्या मुलांना याची गरज काय, असेही कोणी विचारील. कारण असे की नेटवर्कचे काम एका संगणकावर शिकता येत नाही. एक सर्व्हर हवा, त्याला विचारणारा दुसरा हवा, मध्ये पहारा करणारा तिसरा हवा. दुसरे कारण आम्हाला अधिक मोलाचे वाटते. आमच्या पिढीने संगणक पहिल्यांदा पाहिला तो कुलूपबंद खोलीत, आणि दारावर पाटी होती: 'हात लावू नका'. वाचकहो, हे शब्द आपल्याला नवे नाहीत. यंत्र महाग, बिघडले तर भरपाई कोण देणार, म्हणून शिकणाऱ्याने लांबून पाहायचे. लांबून पाहून पोहणे येत नाही आणि सर्व्हरही येत नाही. आभासी संगणकाची त्या क्षणाची नोंद, म्हणजे स्नॅपशॉट, घेऊन ठेवता येते. मग मुलाने तो खुशाल मोडावा. दोन-चार मिनिटांत होता तसा परत उभा राहतो. मोडण्याची मुभा असल्याशिवाय हात धीट होत नाही.

तर मग आमचे चुकले कुठे?

त्या रात्री आम्ही घरी सगळी हकीकत सांगितली. आमच्या पत्नीने संगणक कधी उघडून पाहिलेला नाही. भाकरी थापता थापता त्या म्हणाल्या, "अहो, जेवायला माणसं किती, ते न विचारताच तुम्ही तवा ठेवला होय? आणि तवा तेवढा चांदीचा!" आम्ही बी. कॉम. झालेले, पण नेमका मुद्दा त्यांनी सांगितला. आम्ही तव्यावर पैसे घातले, पिठाकडे पाहिलेच नाही.

वाड्याचेच उदाहरण पुढे चालवू. वाड्यात तीन गोष्टी सर्वांच्या मिळून असतात, पण तिन्ही एकाच रीतीने वाटल्या जात नाहीत.

पहिला नळ. नळ एक असला तरी चालतो, कारण पाळीने पाणी भरता येते. प्रोसेसर म्हणजे हा नळ. शिकण्यासाठी मांडलेले आभासी संगणक बहुतेक वेळ रिकामे बसलेले असतात. मुलगा विचार करतो, वहीत लिहितो, तोवर त्याच्या यंत्राला फारसे काम नसते. म्हणून चार किंवा सहा कोअरांवर दहा-बारा हलके आभासी संगणक सुखाने नांदतात. पाळी थोडी लांबते, इतकेच.

दुसरी, झोपायची जागा. ती पाळीने देता येत नाही. दहा माणसांच्या खोलीत पंधरा झोपवायची तर पाच जण ओट्यावर जाणार. मेमरी, म्हणजे रॅम, ही झोपायची जागा आहे. चालू असलेल्या प्रत्येक आभासी संगणकाला आपला वाटा लागतो. सारख्या मजकुराची एकच प्रत ठेवून थोडी जागा वाचवण्याची युक्ती लिनक्समध्ये आहे, पण तिच्या भरवशावर खरेदी करू नये. आमच्या ५२ हजारांच्या यंत्रात मेमरी होती ८ जीबी. त्यातली तीन-साडेतीन विंडोजनेच व्यापली होती. उरलेल्या जागेत आम्ही चार बिऱ्हाडे कोंबत होतो.

तिसरा जिना. सगळ्यांनी एकाच वेळी वर-खाली करायचे म्हटले की अरुंद जिन्यात खोळंबा होतो. डिस्क म्हणजे हा जिना. फिरत्या चकतीची जुनी हार्ड डिस्क विखुरलेल्या जागी सेकंदाला साधारण शंभर वेळा लिहू-वाचू शकते. साधी एसएसडी हेच काम हजारो वेळा करते. एकट्या माणसाला हा फरक थोडासा जाणवतो, पण बारा आभासी संगणक एकदम लिहू-वाचू लागले की जमीन-अस्मान होतो. त्यात मेमरी अपुरी पडली की यंत्र मेमरीतला माल डिस्कवर नेऊन ठेवू लागते. आमची डिस्क फिरत्या चकतीची. ओट्यावर झोपायला निघालेली माणसे आणि अरुंद जिना, दोन्ही एका जागी जमले. यंत्र थिजले त्याचे कारण एवढेच. आठ कोअरचा प्रोसेसर बिचारा हातावर हात ठेवून बसला होता, आणि ग्राफिक्स कार्डाला तर या कामात काडीचेही काम नव्हते. लिनक्स सर्व्हरचा पडदा काळा आणि अक्षरे पांढरी, त्याला चित्रांचा थाट कशाला?

तात्पर्य, पैसा मोजका असेल तर आधी मेमरी, मग एसएसडी, मग प्रोसेसर. आम्ही हा क्रम उलटा केला होता.

मग आम्ही पुन्हा कारकून झालो. कोरा कागद घेतला आणि मुलांना समोर बसवून विचारले, "एका वेळी किती यंत्रं चालू हवीत? खरं सांगा, हौसेचं नको." त्यावर मांडलेला हिशेब असा:

मूळ संगणकाच्या कारभारासाठी: ४ जीबी
सहा विद्यार्थी, प्रत्येकी दोन लिनक्स, दर यंत्रास १ जीबी: १२ जीबी
सर्वांत मिळून एक विंडोज सर्व्हर: ४ जीबी
सर्वांत मिळून एक फायरवॉल: १ जीबी
एकूण: २१ जीबी

बारा बिऱ्हाडे मुलांची, दोन सामाईक. २१ ची गरज, म्हणून ३२ जीबी घ्यावी. उरलेला तिसरा हिस्सा अडीअडचणीला. घरखर्चात जसे आपण आजारपणासाठी बाजूला ठेवतो तसे. लिनक्स चित्रमय पडद्याशिवाय चालवले म्हणून १ जीबीत भागले. तेच चित्रमय उबुंटू हवे असते तर प्रत्येकी ४ जीबी धरावे लागले असते आणि एकट्या मुलांचीच बेरीज ४८ वर गेली असती. विंडोज ११ ला तर मायक्रोसॉफ्टच कमीत कमी ४ जीबी सांगते, आणि कमीत कमी म्हणजे सुखाने नव्हे. काय शिकायचे हे ठरले की यंत्र आपोआप ठरते.

डिस्कचाही कागद केला. बारा लिनक्स, प्रत्येकी २० जीबी, म्हणजे २४०. विंडोज सर्व्हर ६०, फायरवॉल २०, मूळ कारभार ४०. झाले ३६०. स्नॅपशॉट आणि स्थापनेच्या फायली मिळून आणखी १००. एकूण ४६०. तेव्हा ५०० जीबीची पुरेल, असे वाटेल. पण वेष्टनावरची ५०० संगणकात सुमारे ४६५ दिसते, कारण बनवणारा हजाराने मोजतो आणि यंत्र १०२४ ने. काठोकाठ भरलेली एसएसडी मंदावते, म्हणून १ टीबी घ्यायची. घेताना तिच्यावर एकूण किती लिहिता येईल, म्हणजे टीबीडब्ल्यू, हा आकडा पाहावा. बारा जण सतत लिहिणार. स्वस्तातली लवकर झिजेल.

फेब्रुवारी २०२५ मध्ये आम्ही १६ जीबीच्या दोन पट्ट्या आणि १ टीबीची एसएसडी आणून त्याच पेटीत बसवली. खर्च आला साधारण ११ हजार. त्या ११ हजारांनी जे काम केले ते ५२ हजारांनी केले नव्हते. हे ११ हजार आम्ही वर्गणीतून घेतले नाहीत. चूक आमची, भरपाई आमची.

एक गोष्ट मात्र योगायोगाने साधली. २०२५ च्या उत्तरार्धात मेमरीचे भाव जगभर झपाट्याने चढले. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभ्या राहणाऱ्या अवाढव्य डेटा सेंटरांकडे मेमरीचा ओघ वळला आणि त्याची झळ जालन्यातल्या गिऱ्हाइकालाही लागली. म्हणून जुने आकडे धरून अंदाजपत्रक करू नका. खरेदीच्या आठवड्यात भाव विचारा.

आमची हकीकत ऐकून अंबड तालुक्यातील एका गावच्या कार्यकर्त्यांनी निरोप धाडला, "दादा, आमच्याकडं पंचवीस हजारांच्या वर नाही. होईल का काही?" होते. पण नवे नाही, जुने.

मोठमोठ्या कचेऱ्या दर काही वर्षांनी संगणक बदलतात. त्यात विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि इंटेलच्या आठव्या पिढीआधीचे बहुतेक प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत. त्यामुळे चांगले धडधाकट संगणक कचेऱ्यांतून बाहेर पडतात. विंडोजने नाकारले तरी लिनक्स त्यांना आनंदाने नांदवते. डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी एलिटडेस्क, लेनोव्हो थिंकसेंटर ही कचेऱ्यांतली नेहमीची नावे. असा माल पाहायला आम्ही देवगिरी एक्स्प्रेसने मुंबईला गेलो आणि लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. भडकमकर मार्ग, पायी पालथा घातला. तिथे उपयोगी पडलेल्या गोष्टी सांगतो.

जालन्याची सळई महाराष्ट्रभर जाते. घर बांधताना मिस्त्री सळईचा आकडा सांगण्याआधी आपल्याला विचारतो, "मजले किती चढवायचे?" आज एकच बांधायचा असला तरी पाया उद्याच्या मजल्यांचा घालतात. संगणकात हा पाया म्हणजे मेमरीचे खाचे. पेटी उघडून खाचे मोजा. यांतल्या पुस्तकाएवढ्या चपट्या पेट्या दिसायला छान, वीजही कमी खातात, पण त्यांत बहुधा दोनच खाचे असतात आणि पट्ट्या लॅपटॉपच्या लागतात. त्याच कंपन्यांच्या थोड्या मोठ्या पेट्यांत चार खाचे मिळतात. चार खाच्यांत आज दोन पट्ट्या लावा, उद्या दोन वाढवा. एका मोठ्या पट्टीपेक्षा जोडीने लावलेल्या सारख्या पट्ट्या वेगानेही चालतात.

पट्टीची जातही पाहा. डीडीआर ३, ४ आणि ५ या एकमेकींच्या खाच्यात बसत नाहीत. सर्व्हरच्या रजिस्टर्ड पट्ट्या बाजारात कधी स्वस्त दिसतात, पण त्या साध्या संगणकात चालत नाहीत. स्वस्त म्हणून उचलाल आणि खिशात घालून परत आणाल.

तिसरी गोष्ट मोहाची. तिथे एका दुकानात आम्हाला जुना भलामोठा सर्व्हर दाखवला. दोन प्रोसेसर, डझनावारी कोअर, मेमरी भरपूर, किंमत आमच्या आवाक्यात. मन डळमळले. मग खिशातून कागद काढला. तसला सर्व्हर २०० वॅट वीज घेतो असे धरा. कचेरीतला साधा संगणक अशा कामात ५० वॅट धरा. रोज दहा तास चालवला तर एकाला २ युनिट, दुसऱ्याला अर्धे. महिन्याला ६० विरुद्ध १५ युनिट. बिल दर महिन्याला येते, वर्गणी दर महिन्याला मागता येत नाही. शिवाय त्याच्या पंख्यांचा आवाज असा की शेजारी बसून अभ्यास करणे अशक्य. सर्व्हरला आम्ही दुरून रामराम केला आणि आठव्या पिढीचा, सहा कोअरांचा, चार खाच्यांचा कचेरीतला संगणक उचलला. मेमरी सध्या १६ जीबी, तीन विद्यार्थ्यांना पुरते. दोन खाचे उद्यासाठी मोकळे आहेत.

कोअरांच्या बाबतीतही एक सावधगिरी. इंटेलच्या बाराव्या पिढीपासून अनेक प्रोसेसरांत मोठे आणि लहान असे दोन जातींचे कोअर असतात. नुसता एकूण आकडा पाहून भुलू नये. मोठे किती, लहान किती, हे विचारावे.

यंत्र घरी आले म्हणजे काम संपले नाही. गावचा संगणक चालू केला तर आभासी संगणक सुरूच होईना. मुलांची तोंडे उतरली. आम्हीही मनात म्हटले, पुन्हा फसलो. यंत्र मुंबईला परत पाठवायची भाषा सुरू झाली. पुण्याच्या भाच्याला फोन लावला, तर तो हसायला लागला. "मामा, बायोसमध्ये जा. व्हर्च्युअलायझेशनचा खटका बंद असेल." तसेच निघाले. इंटेलमध्ये त्याला व्हीटी-एक्स म्हणतात, एएमडीमध्ये एसव्हीएम असे लिहिलेले आढळते. अनेक यंत्रांत तो बंद ठेवलेला असतो. तो चालू करा, मगच यंत्राला नावे ठेवा. जुना संगणक घेताना तर हा खटका दुकानातच उघडून पाहावा.

सॉफ्टवेअरचे म्हणाल तर एकट्याने घरी शिकायला व्हर्च्युअलबॉक्स पुरते. तो विंडोजवरही चालतो, लिनक्सवरही, आणि फुकट मिळतो. विंडोजमधला हायपर-व्ही होम आवृत्तीत नसतो, हे आधी पाहावे. अनेकांनी मिळून वापरायचे असेल तर प्रॉक्समॉक्स बरा. तो थेट यंत्रावर बसवतात आणि दुसऱ्या संगणकाच्या ब्राउझरमधून त्याचा कारभार करता येतो. कंपनीची सशुल्क मदत घेण्याची सक्ती नाही. आमच्या अभ्यासिकेत चार जुने संगणक आणि दोन थकलेले लॅपटॉप पडून होते. ते आता एका स्विचला तारेने जोडले आहेत. सहाही मुले त्यांवर बसून त्या एका पेटीत काम करतात. मोडीत निघालेली यंत्रे अशी पुन्हा कामाला लागली. विंडोज मात्र आभासी असले तरी परवाना लागतो. शिकण्यासाठी मायक्रोसॉफ्ट विंडोज सर्व्हरची १८० दिवसांची चाचणी प्रत देते, ती रीतसर घ्यावी. चोरीची प्रत अभ्यासिकेत शिरू देऊ नये.

राहिली वीज आणि उन्हाळा. मे महिन्यात जालन्याचा पारा चाळिशीच्या वर जातो. पेटी भिंतीला चिकटवू नका, मागून-पुढून वारा खेळू द्या, महिन्या-दोन महिन्यांनी धूळ झाडा. आणि यूपीएस घ्याच. एका संगणकाची वीज गेली तर एकाचे नुकसान. इथे एका झटक्यात चौदा यंत्रे आडवी होतात आणि लिहिता लिहिता फाईल खराब होऊ शकते. यूपीएस काही तास चालवण्यासाठी नसतो, सर्व आभासी संगणक शिस्तीत बंद करण्यापुरती पाच-दहा मिनिटे देण्यासाठी असतो. स्नॅपशॉटला राखीव प्रत समजू नका. डिस्कच गेली तर स्नॅपशॉटही तिच्याबरोबर जातो. आमची राखीव प्रत दर रविवारी वेगळ्या डिस्कवर निघते आणि ती डिस्क अभ्यासिकेत नसते, आमच्या घरी कपाटात असते.

ज्यांना हा मजकूर कापून ठेवायचा आहे त्यांच्यासाठी पाच प्रश्न देतो. दुकानाची पायरी चढण्याआधी यांची उत्तरे कागदावर लिहा.

१. एका वेळी किती आभासी संगणक चालू राहणार आणि प्रत्येकाला किती मेमरी लागणार? बेरजेत तिसरा-चौथा हिस्सा वाढवा.
२. मेमरीचे खाचे किती, कोणत्या जातीचे, आणि जास्तीत जास्त किती मेमरी चालते?
३. डिस्क एसएसडी आहे ना? हिशेबाच्या दीडपट-दुप्पट जागा आहे ना?
४. प्रोसेसरात व्हर्च्युअलायझेशनची सोय आहे ना? कोअर चार-सहा असले तरी भागेल.
५. महिन्याला वीज किती युनिट, आणि यूपीएस व राखीव डिस्क यांचे पैसे बाजूला काढले का?

ग्राफिक्स कार्ड आणि रंगीत दिवे या यादीत नाहीत, हे आपल्या लक्षात आले असेलच.

ज्या मुलीने त्या पहिल्या रविवारी घाबरून "मशीन अटकायलं" म्हटले होते, तिची आई इथल्या एका बियाणे कंपनीत बी निवडण्याच्या कामाला जाते. परवा संध्याकाळी आम्ही अभ्यासिकेत गेलो तर मुलगी हसत सामोरी आली. "काका, आज मी सर्व्हर दोनदा मोडला. एकदा चुकून, एकदा मुद्दाम." आम्ही विचारले, "मग?" म्हणाली, "मग काय, दोन्ही वेळा मीच उठवला. दुसऱ्यांदा तर स्नॅपशॉट न वापरता." तिला नोकरी लागेल की नाही, कधी लागेल, हे आज आम्ही सांगू शकत नाही. पण तिच्या आवाजातली ती भीती गेली, एवढे मात्र आमच्या वहीत जमेच्या बाजूला लिहून ठेवले आहे.

भाजीवाल्या आजीलाही आम्ही एकदा आत बोलावून पेटी दाखवली. काचेतले रंगीत दिवे पाहून त्या म्हणाल्या, "ह्ये कशाला लावलं? ह्याचं बिल येत असंल ना?" आम्ही ते दिवे बंद करून टाकले.

पुढील अंकी: जुना लॅपटॉप मोडीत देण्यापूर्वी त्यातून काय काय वाचवता येते. तोवर सर्वांना जयभीम.